कुणाचं कुलूप उघडणार

धारवाल्या काकूंनी तीन रेक, म्हणजे किल्लीविना कुलूप उघडायच्या पोलादी पट्ट्या, माझ्यापुढे ओळीने ठेवले आणि म्हणाल्या, बघू नकोस. मग निवडू कशी, मी विचारलं. त्यांनी खांद्यावरचा मोठा रुमाल काढून माझ्या हातांवर टाकला, मुंगीला माझ्या कडेवरून आपल्याकडे ओढून घेतलं आणि सांगितलं, की रेक हाताने निवडायचा असतो. डोळ्यांनी निवडलेला रेक भिंतीवर टांगून ठेवायच्या लायकीचा.

मुंगी माझी मुलगी, चौदा महिन्यांची. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण जमिनीवर पडलेला एकही कण ती सोडत नाही, त्यामुळे ते नाव कागदावरच राहिलं. काकूंच्या दुकानात जमिनीवर लोखंडाचा कीस असतो, म्हणून तिथे ती कडेवरून खाली उतरत नाही. हा आमच्या तिघींमधला करार.

दुकान म्हणजे अडीच माणसं उभी राहतील एवढी जागा. भिंतीवर न्हाव्यांच्या कात्र्या, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. कोपऱ्यात सुतारांच्या करवती. मधोमध धारेचं चाक, त्याच्याखाली पाण्याचं घमेलं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेवढ्या वेळात काकू रेक घडवतात. तुटलेलं हॅक्सॉ ब्लेड, गाडीच्या वायपरमध्ये निघणारी पोलादी पट्टी, असलंच काहीतरी घेतात, चाकावर आकार देतात, कानशीने वळणं काढतात आणि मग पॉलिश पेपरने इतकं घासतात की बोटावरून फिरवलं तर पाण्याची धार गेल्यासारखं वाटावं. चाकावर पट्टी दोन मोजेपर्यंतच धरायची, लगेच पाण्यात बुडवायची. पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग ते नुसतं वाकतं, परत सरळ येत नाही. निळे पडलेले रेक त्या एका डब्यात टाकतात. त्या डब्याला त्यांनी 'जावई' नाव ठेवलंय. का, ते मी कधी विचारलं नाही.

ज्यांना या खेळातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुलपाच्या पोटात पाच-सहा बारीक पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. किल्लीचे दाते त्या पिनांना नेमक्या उंचीवर उचलतात आणि मग कुलपाचा गाभा फिरतो. किल्ली नसेल तर एका हाताने दाबपट्टीचा हलका दाब गाभ्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने रेक, म्हणजे डोंगरांच्या रांगेसारखी वळणं असलेली ती पट्टी, आतबाहेर करायची. पिना एकेक करत जागेवर बसतात. शेवटची बसली की कुलूप उघडतं. बस, एवढंच. कुणी शब्दकोडी सोडवतं, कुणी विणतं, मी हे करते.

मला हा नाद मुंगीनेच लावला असं म्हणायला हरकत नाही. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलं. घरातली सगळी मासिकं वाचून झाली, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरंही वाचून झाली. तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी काचेसारखं आरपार दिसणारं एक सरावाचं कुलूप दिलं. मी ते पोटावर ठेवून उघडायची. पिन बसल्याचा टिक असा आवाज झाला, की आतून लाथ यायची. दर वेळी नाही. पण माझी खात्री पटण्याइतक्या वेळा.

तर रुमालाखाली तीन रेक होते आणि टेबलावर काकूंचं एक पितळी कुलूप. पहिला रेक आत घातला, ओढला, आणि कुलूप खटकन उघडलं. दुसऱ्याला मिनिटभर लागलं. तिसरा, सगळ्यांत पातळ, त्याने तर मला चांगलंच रखडवलं. मी अर्थातच पहिला उचलला. काकू हसल्या. हसताना त्यांचे खांदे हलतात, तोंड हलत नाही.

त्या म्हणाल्या, की हा रेक याच कुलपाची किल्ली समोर ठेवून कानसलाय. त्याला हे एकच कुलूप येतं. पाठांतर करून पहिलं आलेलं पोर आहे ते, पुस्तक बदललं की रडायला लागेल. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हाच उचलतो, असंही त्यांनी वर सांगितलं, म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटलंच.

"घरून तुझी कुलपं घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि जाण्याआधी सांग. याने कुणाचं कुलूप उघडणार?"

मी थट्टेत म्हटलं, जे हाती लागेल ते. काकूंनी तिन्ही रेक उचलले, खणात टाकले आणि खण लावला. मुंगीला माझ्या हातात दिलं. मग एक कात्री घेऊन चाकाशी बसल्या, जणू मी दुकानातून कधीच निघून गेले होते.

मी दारात उभी राहिले. कानाची पाळी तापली होती. अखेर म्हटलं, माझं उघडीन. किंवा ज्याचं आहे त्याने स्वतः माझ्या हातात दिलेलं.

"आणि दाराला, पेटीला लावलेलं? वापरातलं?"

"ते नाही."

"कुणी घरचंच म्हणालं तर?"

"तरी नाही."

त्यांनी चाक थांबवलं नाही, पण मान हलवली. गुरुवारी ये म्हणाल्या.

गुरुवारी मी चार कुलपं नेली. एक सायकलचं, एक जुन्या सुटकेसचं, एक टपालपेटीचं आणि एक आत्याने दिलेलं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही, तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलं, आता आमच्या मागच्या खोलीत राहते. तिच्या पलंगाखाली हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी आहे. त्या पेटीसाठी तिने दोन कुलपांची जोडी आणली, किल्ल्या वेगवेगळ्या. एक पेटीला लावलं आणि दुसरं किल्लीसकट माझ्या हातात ठेवत म्हणाली, घे, घाल तुझ्या खेळात. घरात माझ्या या छंदाला 'खेळ' म्हणणारी ती एकटीच. सासूबाई 'ते तुझं' म्हणतात. वरच्या मजल्यावर राहणारे माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, ते मला चारचौघांत 'आमच्या चोरबाई' म्हणतात आणि पाहुण्यांना आपापली पाकिटं सांभाळायला सांगतात. पहिल्या वेळी मीही हसले होते. तीच चूक झाली. एकदा हसलं की पुढच्या वेळी न हसायचा हक्क जातो.

त्या दिवशी रुमालाखाली मी चारही कुलपं तिन्ही रेकांनी करून पाहिली. पाठांतरवाला रेक सायकलच्या कुलपात नुसता खडखडला. हॅक्सॉ ब्लेडचा, तीन जाड उंचवट्यांचा, दमदार होता, पण टपालपेटीच्या अरुंद फटीत त्याची पाठ घासत होती. आणि तो पातळ, वायपरच्या पट्टीचा, त्याने एकही कुलूप झटकन उघडलं नाही. पण आत काय चाललंय ते तो सांगत होता. ही पिन सैल आहे, ही बसली, ही अजून अडून आहे. मुंगी झोपेत असताना तिच्या पाठीवर हात ठेवला की कळतं ना, आता गाढ आहे, आता उठेल, तसंच काहीसं. चौथं कुलूप, आत्याचं, तो समजून घेईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. दुसऱ्यांदा मात्र तीन सेकंदांत उघडलं. तिसऱ्यांदाही.

मी पातळ रेक घेतला. काकूंनी त्याच्या मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळून दिली आणि म्हणाल्या, की हा आता तुझ्या हाताला ओळखेल, दुसऱ्याला देऊ नकोस.

हे सगळं सांगायचं कारण पुढच्या आठवड्यात घडलं.

आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्या भाचीकडे गेली होती. तिचं घर हॉस्पिटलच्या शेजारीच आहे. एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून आत्याचं ते जोडीतलं कुलूप उघडत होते. मुंगी टेबलाखाली चमचे मोजत होती, म्हणजे एक चमचा अनेकदा आपटत होती. दादा काहीतरी मागायला खाली आले आणि दारातच थांबले. त्यांनी कुलूप पाहिलं, माझे हात पाहिले, कुलूप उघडलेलं पाहिलं. आणि त्या दिवशी ते चोरबाई म्हणाले नाहीत.

म्हणाले, वा. किती छान जमतं तुला. मग खुर्ची ओढून बसले, मुंगीला उचलून मांडीवर घेतलं. या घरात चौदा महिन्यांत त्यांनी तिला तिसऱ्यांदा उचललं असेल. मुंगीने माझ्याकडे पाहिलं, हे काय आता, अशा नजरेने. मलाही तेच विचारायचं होतं.

हळूहळू विषय आला. आत्याचे डोळ्यांचे जुने रिपोर्ट त्या पेटीत असणार. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मागतील. किल्ली तर आत्याच्या गळ्यात. तेव्हा पेटी जरा उघडून द्यायची, रिपोर्ट काढायचे, परत लावून टाकायची. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, आत्याला फोन करून विचारू या. दादा म्हणाले, कशाला तिला त्रास, आधीच घाबरलेली असेल ती. मी म्हटलं, मग भाचीला करू. तिलाही कशाला त्रास. मग म्हणाले, तुझ्या या कुलपाची किल्ली काही तिथे लागत नाही, पाहिलं मी.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. ती किल्ली माझ्या खणात असते.

मी रेक हत्यारांच्या कापडी गुंडाळीत घातला, गुंडाळीची नाडी बांधली. गाठ जरा जास्तच घट्ट बसली. म्हटलं, दादा, आत्या हो म्हणाली तर तीन सेकंदांत उघडते. नाही म्हणाली तर तीस वर्षांतही नाही.

आता ते मांडीवरच्या मुंगीला खाली ठेवून उठले. आवाज चढला नाही, तो त्यांचा कधीच चढत नाही; नुसता कोरडा होतो. म्हणाले, गंमत आहे. चोरांची हत्यारं घरात ठेवायची, लहान पोरीच्या देखत वापरायची, आणि घरच्या माणसाचं एक काम आलं की मोठी तत्त्वं. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत एक काहीतरी होऊ दे. पेटी उघड, नाहीतर ही गुंडाळी घराबाहेर जाऊ दे. या घरात दोन्ही चालणार नाही.

पेटीत त्यांना काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. या घरात आत्याचाही वाटा आहे, आणि तो ती भाचीला लिहून देणार अशी शंका दादांना दोन वर्षांपासून होती. रिपोर्ट हे कागदच; कागद शोधताना दुसरे कागद दिसणारच.

सासूबाईंचं म्हणणं पडलं, की एवढं ताणायचं कशाला. तुलाही करमणूक, त्यालाही समाधान. नवऱ्याशी बोलले ते मुंगीच्या बाटल्या धुताना. आमची महत्त्वाची बोलणी सिंकपाशीच होतात. तो बाटलीत ब्रश फिरवत म्हणाला, उघड ना, घरातलंच तर आहे. मी त्याला विचारलं, तुझा मोबाइल घरातलाच आहे, तो दादांना उघडून देऊ का.  तो म्हणाला, तसं नाही गं. मी म्हटलं, तसंच आहे. त्याने एकच बाटली चार वेळा धुतली. मी बाकीच्या पाच धुतल्या.

खरं सांगायचं तर मीही डगमगले. ती गुंडाळी मला काही फार मोठी गोष्ट नाही असं स्वतःला सांगून पाहिलं. दिवसाचे चोवीस तास. त्यातले बावीस मुंगीचे, घराचे, इतरांचे. उरलेल्या दोनांमध्येही झोप, अंघोळ, कुणाचा तरी फोन. मधल्या फटीत कधी दहा, कधी पंधरा मिनिटं ती गुंडाळी माझी. तेवढ्या वेळात कुणी मला आई, सूनबाई, अगं अशी हाक मारत नाही. पिन बसते किंवा बसत नाही. बसली तर ती मीच बसवलेली असते. एवढीशी जागा, पण कुणाला देऊन टाकायची म्हटल्यावर ती किती मोठी आहे ते कळलं. आणि मुंगी. दादा म्हणाले पोरीच्या देखत. बरोबर आहे, पोरीच्या देखतच. ती जमिनीवरचा प्रत्येक कण उचलते. मी काय खाली टाकते याकडे मला बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी दादांनी पेटी स्वतःच पलंगाखालून ओढून बाहेरच्या खोलीत आणली होती. फरशीवर तिच्या ओढण्याचे दोन पांढरे ओरखडे. सासूबाई खुर्चीत, नवरा दाराला टेकून. मी मुंगीला कडेवर घेऊन आले, दुसऱ्या हातात गुंडाळी. गुंडाळी पाहून दादांचा चेहरा सैल पडला. म्हणाले, शहाणी आहेस.

मी गुंडाळी पेटीवर ठेवली. तिच्या शेजारी माझा फोन ठेवला, स्पीकर लावला आणि आत्याचा नंबर फिरवला. दादा म्हणाले, हे काय. तोवर पलीकडे घंटा वाजायला लागली होती.

आत्या फोन उचलताना अजूनही एक्सचेंजमध्ये असल्यासारखी उचलते. "बोला," एवढंच म्हणते आणि थांबते.

मी म्हटलं, "आत्या, मी बोलतेय. सगळे इथेच आहेत. दादांना तुमची पेटी उघडून हवी आहे. मी उघडू का?"

 मुंगीने माझ्या कानातलं ओढलं.

"कशासाठी हवीय?" आत्याने विचारलं.

मी दादांकडे बघितलं. बोलायची पाळी त्यांची होती. त्यांनी घसा साफ केला आणि रिपोर्टांचं सांगितलं. डॉक्टरांना लागतील, वेळेवर धावपळ नको, तुझ्याच काळजीपोटी, वगैरे.

"ऑपरेशन सोमवारीच झालं रे," आत्या म्हणाली. "तारीख अलीकडे आली. रिपोर्ट माझ्याजवळच होते, पिशवीत. तुला नाही कुणी सांगितलं?"

कोण सांगणार. आठ दिवसांत त्यांनी एकही फोन केला नव्हता. आणि इथे मला माझंही सांगायला हवं: मीही केला नव्हता. परवा करू, उद्या करू, मुंगीला ताप, मुंगीची बाटली. तत्त्वाच्या गोष्टी मी सांगत होते आणि म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. माझी मान खाली गेली. दादांचीही गेली असेल, मी पाहिली नाही.

पलीकडून आत्याचा आवाज आला, शांत, एकेक शब्द सुटा. "तीस वर्षं लोकांची बोलणी माझ्या कानाजवळून गेली. मंत्र्यांची गेली, नवरा-बायकोची गेली. एक शब्द उचलला नाही. पेटीला कुलूप कशाला लावलंय, तर उघडायच्या आधी मला विचारावं लागावं म्हणून. तिने विचारलं. आता उत्तर ऐका. नाही."

आणि फोन ठेवला. एक्सचेंजची सवय; वेळ संपली की लाइन काढायची.

 दादा म्हणाले, की ठीक आहे, पेटीचं राहू दे. पण हत्यारांचं मी बोललो ते बोललो. ती बाहेर जायला हवीत.

मी मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं.   

"राहतील," मी म्हटलं. "पोरीचा हात पोचणार नाही एवढ्या उंच राहतील. आणि ती मोठी झाली की तिला शिकवीन. कसं उघडायचं ते नंतर. कुणाचं उघडायचं नाही, ते आधी."

 सासूबाईंनी पानं वाढायला घेतली, ही त्यांची विषय बदलायची पद्धत. दादा वर निघून गेले. पेटी परत ओढायला मी वाकले, तर नवऱ्याने दुसरी कडी धरली. आम्ही ती ओढली नाही, उचलून नेली. जेवणं झाल्यावर तो ड्रिल घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर चढला आणि दाराच्या वर, छताच्या जरा खाली, एक हुक बसवला. थोडा तिरका बसला. मग गुंडाळी दे म्हणाला. मी दिली. उतरताना त्याने विचारलं, तुझा हात पोचतो ना. मी म्हटलं, स्टुलावर चढून पोचतो. मग स्टूल तुझं, तो म्हणाला.

त्यानंतर आत्याला रोज फोन केला. रोज म्हणजे खरंच रोज; सुरुवातीला मनाला लागलं होतं म्हणून, नंतर सवय झाली म्हणून.

पंधरा दिवसांनी ती परत आली, काळा चष्मा लावून. चालताना माझा दंड धरायची. कुणाशी पेटीबद्दल अवाक्षर बोलली नाही. दादांना म्हणाली, बारीक दिसतोस. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाली, तुझ्या त्या धारवालीकडे मला ने.

तर आम्ही तिघी गेलो. मुंगी कडेवर, आत्या दंडाला, अशी वरात. काकूंनी आत्याला दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर बसवलं, चष्म्याकडे पाहिलं आणि रुमाल काढायला गेलेला हात परत खाली घेतला. म्हणाल्या, तुम्हाला रुमालाची गरज दिसत नाही. आत्या म्हणाली, अजून आठ दिवस तरी नाही, तेवढ्यात उरकून घेऊ. दोघी एकमेकींना बघून, म्हणजे एक बघून आणि एक न बघून, हसल्या. काकूंचे खांदे हलले.

मग काकूंनी तो प्रश्न विचारला. कुणाचं कुलूप उघडणार?

"माझंच," आत्या म्हणाली. "किल्ली हरवलेली नाही हो, गळ्यात आहे. पण मला बघायचंय, घरच्यांना किती वेळ लागला असता."

काकूंनी खण उघडला. आत्याने सहा रेक हाताळले. प्रत्येकाची पाठ अंगठ्याने घासली, टोक नखावर टेकवलं, पट्टी हलकेच वाकवून ती परत येते का पाहिलं. एक बाजूला सरकवत म्हणाली, हा गरम झाला होता का. काकूंनी तो घेतला, उजेडात धरला. कडेला, अगदी टोकाशी, निळसर छटा होती, मुगाएवढी. तो त्यांनी 'जावई'त टाकला. माझ्या देखत त्यांची चूक पहिल्यांदा कुणी धरली असेल. पाठांतरवाला रेक आत्याच्या हातात आला तेव्हा मी श्वास रोखून धरला. तिने तो टेबलावरच्या पितळी कुलपात घातला, ते खटकन उघडलं, आणि तिने तो लगेच परत दिला. म्हणाली, हा फार पटकन बोलतो, ऐकत नाही.

शेवटी तिने हॅक्सॉ ब्लेडचा घेतला, जाड उंचवट्यांचा, मी नाकारलेला. मी म्हटलं, आत्या, तो जरा आडदांड आहे. ती म्हणाली, मीही आहे.

आता दुपारी, मुंगी झोपली की, स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही दोघी बसतो. पेटीवरचं कुलूप तिने बदललेलं नाही. मी सांगून पाहिलं, की ते तीन सेकंदांचं आहे, चांगलं आणून देते. नको म्हणाली. काल तिने ते काढून टेबलावर आणलं, पेटी तशीच उघडी ठेवून. खोलीचं दारही उघडं. दादा जिन्यावरून उतरले, उघड्या दारातून त्यांना पेटी दिसली, मग टेबलाशी बसलेल्या आम्ही दिसलो. थांबले. आत्या मान वर न करता म्हणाली, ये, बस. तुझं एखादं कुलूप आणलंयस का? ते नाही म्हणाले. पेटीकडे एकदा पाहिलं आणि बाहेर गेले. आत्याने हे ऐकलं असावं, पण तिचं बोट दाबपट्टीवरून हललं नाही.

चार पिना बसल्या होत्या. मला दिसत नाही, पण तिच्या भुवया सांगतात. पाचवीला वेळ लागत होता. मी दाब जरा कमी करा म्हणणार होते, मग नाही म्हटलं. मुंगी आत कूस बदलत होती. अजून दहा मिनिटं झोपेल असा अंदाज होता.

टिक झालं. कुलपाची कडी उडाली. आत्याने रेक खाली ठेवला, मान सरळ केली आणि एक्सचेंजमधल्या तीस वर्षांच्या सवयीने, लाइनवर कुणी नसताना, म्हणाली, "लागला. बोला."